काही नाही झालं!

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. सोमवारी सकाळी डेडलाइन होती आणि मी रात्री साडेबाराला लॅपटॉप उघडून बसले होते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल फायनल, कनेटिकट विरुद्ध साउथ कॅरोलिना. रूममेट वैतागली, "तुला काय पडलंय गं त्यांचं?"

मला पडलं होतं एका गुडघ्याचं. पेज ब्यूकर्सच्या डाव्या गुडघ्याचं.

कनेटिकटची ही पेज. २०२१ मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, ती देशातली बेस्ट प्लेअर ठरली. त्याच डिसेंबरात मॅच संपत आलेली असताना पडली. गुडघ्याजवळचं हाड मोडलं, मेनिस्कस फाटला. त्यातून उठून परत खेळली, तर ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या पिकअप गेममध्ये एसीएल तुटलं. एसीएल म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारं लिगामेंट. ते तुटायला कुणाचा धक्का लागावा लागतोच असं नाही. उडीनंतरचं लँडिंग चुकलं, धावता धावता कचकन वळलात, की खेळ खल्लास. आणि हे मुलांपेक्षा मुलींच्या वाट्याला जास्त येतं.

मला एवढं कसं माहीत? कारण माझंही तसंच तुटलं.

टीवायला होते. इंटरकॉलेजिएटची सेमीफायनल, सिमेंटचं कोर्ट. रिबाउंड घेऊन खाली आले आणि गुडघ्यात 'टक्' असा आवाज झाला. जीव गेल्यासारखं दुखलं. पण गंमत बघा, दहा मिनिटांनी मी चालत होते! सर म्हणाले, "बर्फ लाव, क्रेप बँडेज बांध. परवा फायनल आहे." मीही मान डोलावली. "काही नाही झालं सर!" खरं सांगू? त्यांनी बस म्हटलं असतं तरी मी बसले नसते. टीमबाहेर बसायचं म्हणजे काय, तेच मला कळत नव्हतं.

फायनलच्या तिसऱ्या मिनिटाला गुडघा आपोआप दुमडला. एमआरआयमध्ये एसीएल आणि मेनिस्कस, दोन्ही गेलेले. परीक्षा झाल्यावर ऑपरेशन झालं. फिजिओ म्हणाली, निदान नऊ महिने व्यायाम. मी सहा आठवड्यांत सोडला. जिना चढता येत होता, आईला तेवढं पुरेसं होतं. "आता नोकरीचं बघ," बाबा म्हणाले. टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही. मीच एका रात्री लेफ्ट झाले.

पेजने काय केलं? २०२२-२३ चा अख्खा सीझन ती खेळली नाही, पण टीमबरोबर बेंचवर असायची. पंधरा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टवर परतली. २०२४ मध्ये प्रोफेशनल होता आलं असतं, तरी कॉलेजसाठी आणखी एक वर्ष थांबली. तिच्या दिमतीला डॉक्टर होते, ट्रेनर होते, वाया गेलेलं वर्ष भरून देणारे नियम होते. आपल्याकडे डिग्रीच तीन वर्षांची. त्यातले पंधरा महिने गुडघ्याला कोण देणार?

पण त्या रात्री मला जास्त टोचलं ते वेगळंच. ती न खेळतासुद्धा खेळाडूच राहिली. मी मात्र तुटल्या दिवसापासून स्वतःला 'माजी' म्हणायला लागले.

कनेटिकट ८२-५९ ने जिंकलं. पेजबरोबर फायनल गाजवली अझी फडने, आणि तिचंही एसीएल नोव्हेंबर २०२३ मध्ये तुटलेलं! आठ दिवसांनी पेज ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर निवडली गेली. मी डोळे चोळत डेडलाइन गाठली आणि लंचटाइमला एका फिजिओची अपॉइंटमेंट घेतली.

हल्ली मी रविवारी सोसायटीच्या कोर्टवर जाते. धावत नाही, नुसते शॉट्स मारते. परवा तिथे खेळणारी एक नववीतली मुलगी लँडिंगला कोलमडली. लंगडत उठली आणि म्हणाली, "काही नाही झालं ताई!"

"झालंय," मी म्हटलं. "खाली बस. आईचा नंबर सांग आधी."

ती रुसली. रुसू दे.