मोरसला गेलेली

आजी साखरेला मोरस म्हणायची. मॉरिशसची साखर मुंबईत उतरू लागली आणि त्या बेटाचं नावच आमच्या फडताळातल्या डब्यात येऊन बसलं. आजोबांच्या आजोबांची एक बहीण त्या मोरसला उसाच्या मळ्यावर गेली, एवढं घरात ठाऊक होतं. तिचं नाव कोणालाच सांगता येत नव्हतं.

वंशावळ आहे आमच्याकडे, झाडासारखी काढलेली, सात पिढ्यांची. सगळे पुरुष. लेकीचं लग्न झालं की आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही बदलायचं, आणि ती दोन्ही घरांच्या कागदांतून निसटायची. याचा मला राग येतो. शोध घेत गेले तसा तो वाढतच गेला.

मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दफ्तरं जपली आहेत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला आले. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक कलकत्ता-मद्रासहून, थोडी मुंबईहून. त्या थोड्यांत आपली कोकणातली. प्रत्येकाला क्रमांक मिळे. मग कारकून लिही: नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढे फोटोही काढू लागले. मळ्यावरून कोणी पळालं तर ओळखून धरता यावं, म्हणून ही चिकाटी. तरीही बाईच्या नावासमोर तिच्या बापाचं नाव आहे, तिचं गाव आहे, तिचं गोंदण आणि देवीचे व्रणसुद्धा आहेत. घराने जे लिहिलं नाही, ते तिला जखडणाऱ्यांनी लिहून ठेवलं. हे मान्य करताना जीव तुटतो.

नावं कानाला लागली तशी रोमन लिपीत उतरवलेली. नुसती वाचून कळत नाहीत. गावच्या हेलात मोठ्याने म्हणावी लागतात, तेव्हा कुठे एखाद्या विचित्र शब्दातून ओळखीची वाडी वर येते.

तिचं नाव माहीत नाही, म्हणून मी तिच्या बापाच्या नावाने शोधलं. जुळणाऱ्या नोंदी दोन निघाल्या. दोन बायका, वेगवेगळ्या वर्षी आलेल्या. बापाचं नाव तेच, गाव तेच. एकीच्या डाव्या हातावर गोंदण. दुसरीची उंची ४ फूट ९ इंच.

वंशावळीत त्या बापाच्या फांदीला चार मुलगे आहेत. मुली किती होत्या, ते कोणी लिहिलेलं नाही.