कट्यार लागलेले शब्द

जाडजूड इंग्रजी कोश मांडीवर घेऊन बसावे आणि हवा तो शब्द बाजूला ठेवून शेजारपाजारचेच शब्द वाचीत राहावे, या सुखाची ज्याला एकदा गोडी लागली त्याला कादंबरीचे फारसे अगत्य उरत नाही. त्यातही माझा ओढा कट्यार लागलेल्या शब्दांकडे विशेष. ऑक्सफर्डच्या ज्या थोरल्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि अखेरचा १९२८ साली, त्यात लोपलेल्या शब्दापुढे कट्यारीच्या आकाराचे एक चिन्ह छापलेले असते. हा शब्द वारला, एवढाच त्याचा अर्थ.

‘ओव्हरमॉरो’ हा असाच एक कैलासवासी शब्द. १५३५ सालच्या कव्हर्डेलच्या बायबलात तो आढळतो. त्याचा अर्थ उद्याच्या पलीकडचा दिवस. तो दिवस सांगावयास इंग्रजाला आता चार शब्द खर्चावे लागतात. आपल्याकडील पाच वर्षांची पोर ‘परवा’ म्हणून मोकळी होते, आणि वर ‘तेरवा’ही तिच्या पदरी असतो.

काही शब्द वारले नाहीत, पण थकले आहेत. ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री. त्याचा थोरला भाऊ ‘फोर्टनाइट’, चौदा रात्रींचा, विलायतेत अजून हिंडताफिरता आहे. धाकट्याने मात्र अंथरूण धरले. गंमत अशी, की इंग्रजाने रात्री मोजल्या त्या सात आणि चौदा. आपण दिवस मोजले ते आठ आणि पंधरा! ‘हिदर, दिदर, व्हिदर’ या त्रिकुटाचा अर्थ कोश लांबलचक वाक्यांत सांगतो. आपण ‘इकडे, तिकडे, कुणीकडे’ म्हणतो. ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’. सतराव्या शतकात तो रोजच्या बोलण्यातून उठत गेला आणि प्रार्थनेत तेवढा राहिला. म्हणून आज पुष्कळांना तो मोठ्या अदबीचा वाटतो. वस्तुतः तो सलगीचा शब्द. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या वारकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

वस्तू नाहीशी झाली म्हणजे तिचा शब्द मरतो, अशी आपली समजूत असते. परंतु ‘ओव्हरमॉरो’ गेला म्हणून इंग्लंडात उद्यानंतरचा दिवस उगवावयाचा थांबला नाही. शब्दाची गरज संपली नव्हती. त्याला हाक मारणारे तेवढे संपले. हा विचार मनात आला की माझी मौज थोडी ओसरते. कारण ‘तेरवा म्हणजे कधी?’ असा प्रश्न अलीकडे मराठी घरांतही कानी पडू लागला आहे. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपले शब्द मोठ्या कष्टाने कोशात साठविले, हे उपकार खरेच. पण कोशात शब्द राहतो. नांदतो तो माजघरात.

म्हणून मी हल्ली येणाऱ्याजाणाऱ्यांना आवर्जून सांगतो, ‘परवा जमत नसेल तर तेरवा या.’