रंगीत घरांचं, पांढऱ्या रुमालांचं शहर

मैत्रिणींनो, आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, मुलांचे डबे भरून झालेले असतात, गॅसवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून आपली धावपळ चाललेली असते, तेव्हा बुएनोस आइरेसमध्ये रात्रीचे बारा वाजतात. आणि तिथली मंडळी काय करत असतात म्हणाल? नुकती कुठे जेवून उठलेली असतात! लहान मुलंसुद्धा जागी, हातात आइस्क्रीम. पहिल्या दिवशी आम्ही आपल्या सवयीनं साडेसातला जेवायला गेलो, तर हॉटेलातली पोरं अजून टेबलं पुसत होती.

ह्यांच्या कामाच्या निमित्तानं अर्जेंटिनाच्या या राजधानीत पंधरा दिवस राहण्याचा योग आला. नोव्हेंबर महिना होता. आपल्याकडे स्वेटरं निघतात, तिकडे उन्हाळ्याची चाहूल. रस्तोरस्ती निळमोहर फुललेला. आपल्या शहरांतून दिसतो तोच हा वृक्ष, पण त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिका. पायाखाली जांभळा सडा आणि वर जांभळं छत!

शहराच्या नावाचा अर्थ ‘चांगली हवा’. महापालिकेच्या हद्दीत सुमारे 31 लाख वस्ती, उपनगरं निराळीच. शेजारून वाहणारी नदी इतकी रुंद, की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि पाण्याचा रंग थेट दुधाच्या चहासारखा. मुख्य रस्ता ‘नऊ जुलै’ नावाचा, स्वातंत्र्याच्या तारखेवरून. रुंदी 140 मीटर. एका हिरव्या दिव्यात हा रस्ता ओलांडणं मला एकदाही जमलं नाही. मध्येच थांबायचं, दम घ्यायचा, पुढच्या दिव्याला पुन्हा निघायचं.

आता ‘ला बोका’ या बंदराजवळच्या वस्तीत चला. इटलीतून, विशेषतः जेनोआकडून, पोटासाठी आलेली माणसं इथं राहिली. लाकूड आणि पन्हाळी पत्रे यांची घरं, आणि त्यांना जहाजांचा उरलासुरला रंग. एका भिंतीला पुरला नाही तर दुसऱ्या भिंतीला दुसरा! ‘कामिनितो’ ही गल्ली 1959 पासून उघड्यावरचं संग्रहालयच झाली आहे. ते घडवण्यात मोठा हात बेनितो किनकेला मार्तिन या चित्रकाराचा. 1890 साली तान्हेपणीच अनाथालयात सोडलेलं हे पोर. ला बोकातल्या एका कोळसेवाल्या जोडप्यानं त्याला पदरात घेतलं. मोठा झाल्यावर त्यानं बंदरावरच्या हमालांची चित्रं काढली, नाव मिळवलं आणि वस्तीला शाळेसाठी जागा देऊन टाकली.

या घरांना ‘कोन्वेन्तियो’ म्हणत. आत शिरले आणि मनात म्हटलं, अगबाई, ही तर आपली चाळ! मध्ये चौक, भोवती खोल्या, एका खोलीत एक बिऱ्हाड, नळ आणि संडास सामाईक. 1907 साली मालकांनी भाडी वाढवली, तेव्हा हजारो बिऱ्हाडांनी भाडं द्यायचंच नाही असं ठरवलं. पुरुष कामावर गेलेले, घरी बायका आणि मुलं. घर खाली करून घ्यायला माणसं आली, की बायका चौकात उतरत. बायकामुलांनी हातात झाडू घेऊन रस्त्यावरून मिरवणूक काढली, मालकांना शहरातून झाडून टाकतो म्हणून! आजही तो ‘झाडूंचा संप’ म्हणूनच ओळखला जातो. पुष्कळ ठिकाणी मालक जिंकले, कित्येक बिऱ्हाडं रस्त्यावर आली. पण त्या बायकांच्या झाडूंची आठवण शहरानं ठेवली आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू या, नाहीतर तुम्ही रागवाल. हा देश गोमांस खाणाऱ्यांचा. रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजायचं आणि सगळं गोत जमवायचं हा तिथला रिवाज. शाकाहारी बाईनं घाबरून जाऊ नये. ‘एंपानादा’ मिळते, म्हणजे चक्क तिखटमिठाची करंजी! मैद्याची पारी, आत सारण, आणि काठाला मुरड. प्रत्येक सारणाची मुरड वेगळी घालायची पद्धत आहे, म्हणजे न फोडताच आत काय आहे ते ओळखता येतं. मक्याची किंवा कांदा-चीजची मागून घ्यावी. मी दुकानाच्या काचेतून मुरड घालणाऱ्या बाईचे हात बघत उभी राहिले. हात आपल्या आजीसारखेच भराभर चालत होते.

गोडात ‘दुल्से दे लेचे’. दूध आणि साखर, चिमूटभर खायचा सोडा, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, इतकंच. बासुंदीपेक्षा घट्ट, पेढ्यापेक्षा सैल, रंग काकवीसारखा. पावाला लावतात, बिस्किटांत भरतात, आणि मुलं चमच्यानं नुसतं खातात.

आणखी एक गंमत. दर महिन्याच्या 29 तारखेला घरोघरी ‘न्योकी’ करतात. उकडलेला बटाटा आणि मैदा मळून केलेल्या छोट्या गोळ्या. महिनाअखेर, हातात पैसा नाही, घरात बटाटे आहेत. मग दुसरं काय करणार? पण जेवताना ताटाखाली एक नोट ठेवायची, म्हणजे पुढच्या महिन्यात बरकत येते. आणि कामावर न जाता फक्त पगाराच्या दिवशी उगवणाऱ्या सरकारी नोकरालाही तिथं ‘न्योकी’च म्हणतात! ही नोट म्हणजे नुसती हौस नव्हे हो. 2023 या एकाच वर्षात तिथली महागाई दोनशे टक्क्यांहून जास्त वाढली. महिन्याच्या पहिल्या तारखेचा हिशेब शेवटच्या तारखेला कसा जुळवत असतील, त्या बायकाच जाणोत.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई सत्तरीच्या आसपासच्या. पहिल्या संध्याकाळीच त्यांनी ‘माते’ प्यायला बोलावलं. माते म्हणजे एका झाडाचा वाळवून कुटलेला पाला. तो भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यात भरायचा, वरून गरम, पण उकळतं नव्हे असं पाणी घालायचं आणि धातूच्या नळीनं ओढायचं. तुंबा एकच, नळी एकच, आणि ती सगळ्यांत फिरते. आपल्या उष्ट्याखरकट्याच्या संस्कारानं मी जराशी बिचकले, पण प्यायले. कडू जहर! तरी सभ्यपणानं ‘ग्रासियास’, म्हणजे आभारी आहे, म्हणाले. झालं! पुढे तुंबा तीनदा फिरला, पण माझ्यापुढून नुसताच गेला. मागाहून कळलं, की मातेच्या बैठकीत ‘ग्रासियास’चा अर्थ ‘आता मला पुरे’. दुसऱ्या दिवशी तोंड मिटून तीन तुंबे प्यायले, तेव्हा त्या खूश झाल्या.

त्यांनीच मला टँगोच्या नाचघरात नेलं. नृत्यापेक्षा मला मौज वाटली ती आमंत्रणाची. पुरुष जवळ येऊन विचारत नाही. लांबूनच नजर देतो आणि मान किंचित हलवतो. बाईला नाचायचं असेल तर ती मान हलवते, नसेल तर दुसरीकडे बघते. नकार कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा पाणउतारा होत नाही. साथीला ‘बान्दोनेओन’ नावाचं वाद्य. मूळ जर्मनीचं, आपल्या पेटीच्याच कुळातलं, भात्यावर आणि पट्ट्यांवर वाजणारं. म्हणूनच की काय, सूर ओळखीचे वाटत होते.

आपल्या रवीन्द्रनाथांनाही या गावानं असंच आपलंसं केलं होतं. 1924 च्या नोव्हेंबरात पेरूकडे निघालेले रवीन्द्रनाथ इथं आजारी पडले. व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेनं नदीकाठी सान इसिद्रोला त्यांच्यासाठी घर घेतलं, सेवा केली. दोन महिन्यांच्या पाहुणचाराची फेड म्हणून कवीनं ‘पूरबी’ हा संग्रह ‘विजया’ला अर्पण केला. विजया म्हणजे व्हिक्टोरियाच.

निघायच्या आदल्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, “उद्या तुम्ही जाणार. आज गुरुवार. साडेतीनला प्लासा दे मायोला जाऊन या.” गुरुवार म्हटला की आपल्याला उपास आठवतो, मार्गशीर्षातलं हळदीकुंकू आठवतं. तिथला गुरुवार निराळा आहे.

1976 ते 1983 या देशावर लष्कराची हुकुमत होती. रात्री-अपरात्री तरुण मुलामुलींना घरातून उचलून नेत. कुठे नेलं, जिवंत आहेत की नाहीत, कोणी सांगत नसे. मानवी हक्कांचं काम करणाऱ्या संस्था बेपत्ता माणसांचा आकडा 30 हजार सांगतात. 30 एप्रिल 1977 रोजी चौदा आया राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या या चौकात जमल्या. जमावाला बंदी होती. पोलीस म्हणाले, उभं राहायचं नाही, चालत राहा. बऱ्याच गृहिणीच त्या. हुज्जत घातली नाही, चालू लागल्या. दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती फिरू लागल्या, त्या आजतागायत फिरतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लुहानच्या माउलीची पायी यात्रा होती. त्या गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं? तेव्हा प्रत्येकीनं डोक्याला बाळाचं लंगोट बांधलं. हो, मैत्रिणींनो, मुलं लहान असताना वापरलेले, धुऊन घडी घालून जपून ठेवलेले पांढरे लंगोट. पुढे त्याचाच पांढरा रुमाल झाला.

या आयांना एकत्र आणणारी असुसेना व्हियाफ्लोर हिलाही 10 डिसेंबर 1977 रोजी पळवून नेलं. समुद्रानं तिचा देह किनाऱ्यावर टाकला होता. बेवारस म्हणून पुरलेल्या त्या देहाची ओळख पटायला 2005 साल उजाडलं. तिची रक्षा याच चौकात ठेवली आहे. कैदेत जन्मलेली बाळं परक्यांच्या घरी दिली गेली होती. त्यांच्या आज्यांनी स्वतःचं रक्त तपासायला देऊन 130 हून अधिक नातवंडं शोधून काढली. पन्नाशीकडे झुकताना कुणाला आपलं खरं आडनाव कळलं.

साडेतीन वाजले. रुमालवाल्या आया आता थोड्याच उरल्या आहेत, नव्वदी गाठलेल्या. एक चाकांच्या खुर्चीत होती. पण मागे लेकी, नाती, विद्यार्थी, कितीतरी माणसं होती. एकेक नाव पुकारलं जाई आणि सगळे एका सुरात ओ देत, “हजर!” हे आणि मीही मागे चालू लागलो. जमिनीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून मी जपून चालत होते. माझ्या शेजारच्या आजीनं काही न बोलता माझा हात धरला.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी दुल्से दे लेचे करून पाहिलं. बरं झालं, फक्त जरा जास्त आटलं. त्यानंतर मुलांची जुनी दुपटी ठेवलेली पेटी उघडली. तुमच्याही घरी असेल अशी एखादी पेटी. सगळी दुपटी उन्हात घातली, संध्याकाळी पुन्हा नीट घड्या करून ठेवली. एकही टाकवलं नाही.