नक्षीतली धूळ



दशलक्षण पर्व छान पार पडलं असेल. कुणाचे उपवास, कुणाची एकाशनं, सगळ्यांची अनुमोदना. यंदा क्षमावाणीला मी अमरावतीहून अकोल्याला माहेरी गेले होते. वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायला गेले खरी, पण माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप होती. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

जुन्या शहरातलं आमचं घर विकायचं ठरलंय. दादा-वहिनी फ्लॅटमध्ये जाणार. भांडी, पितळ, कपाटं, सगळ्याची वाटणी हसतखेळत झाली. अडलं ते दिवाणखान्यातल्या गोल टेबलापाशी. काळंभोर शिसवी. मधोमध एकच जाड खांब, त्यावर द्राक्षांचे घोस आणि वेली, खाली वाघाच्या पंजासारखे तीन पाय, काठाला जाळीदार नक्षी. पणजोबांनी कापसाच्या पैशातून ते मुंबईहून आणवलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

१८६७ मध्ये रेल्वे भुसावळहून नागपूरपर्यंत पोचली आणि आपल्या वऱ्हाडचा कापूस गाडीने मुंबईला जाऊ लागला. येताना मुंबईची हौस इकडे आली. त्या काळी मुंबईत शिसवीचं असं कोरीव सामान बनायचं. घडण विलायती, कोरणारे हात आपले. मोठ्या दिवाणखान्यात मधोमध असं टेबल असणं म्हणजे घराची पत.

एका व्यापाऱ्याने त्याची चांगली किंमत सांगितली होती. कुणाच्या तरी बंगल्याच्या हॉलसाठी हवं होतं. तुमच्याकडे असं काही असेल तर एक माहीत असू द्या. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. परवाना विचारायला लाजू नका.

मला मात्र ते विकायचंच नव्हतं. मला ते हवं होतं. अडचण एकच, मी परिग्रह-परिमाण घेतलेलं आहे. घरात किती काय असावं याची मर्यादा वहीत लिहिलेली आहे. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार तुम्हाला पाठच असतील: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य, भांड. मी मनाशी हिशेब मांडला. हॉलमधलं काचेचं टेबल कामवालीला देऊन टाकायचं, त्याच्या जागी हे आणायचं. एक गेलं, एक आलं. संख्या तीच, व्रत शाबूत! आकिंचन्य धर्माच्या दिवशी प्रवचनाला बसूनसुद्धा माझ्या डोक्यात हेच चालू होतं, की ते टेबल लिफ्टमध्ये मावेल का.

अकोल्याला पोचले, सगळ्यांना क्षमा मागून झाली. जेवणं झाल्यावर वहिनी टेबल पुसायला बसली. मी टेप काढली. सहज म्हणाले, "वहिनी, तुझ्या मनात नसेल तर नाही नेणार हं." मला वाटत होतं, तिचा जीव त्यात अडकलाय. तीस वर्षं त्याला हात लावणारी तीच.

ती हसली. "ताई, मले काही नको ते टेबल. तुमाले पाहिजे तर तुम्ही न्या, नाही तर व्यापाऱ्याले द्या. तीस वर्षं त्याची नक्षी पुसली मी. आता मले साधा पाट चालते."

मी तिच्या शेजारी बसले. तिच्या हातात मऊ कुंचला होता. पावसाळ्यात त्या द्राक्षांच्या खाचांत कोळी जाळं करतो, बारीक किडे बसतात. फटकन झटकायचं नाही, ओलं फडकं फिरवायचं नाही, खिळ्याने टोकरायचं नाही. जीव आधी हलक्या हाताने कागदावर घ्यायचा, बाहेर सोडायचा, मग धूळ. सपाट टेबलाला दोन मिनिटं लागतात. ह्याला पाऊण तास. चातुर्मासात रोज.

मागे पॉलिशवाला आला होता तेव्हा तिने त्याला परत पाठवलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. जुन्या लाकडाला तो लाखेचं पॉलिश करणार होता. लाख झाडाच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळते, आणि ती काढताना असंख्य जीव मरतात. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार उगाच घातलेला नाही. त्याच यादीत जंगलतोडीचा धंदाही आहे, म्हणजे शिसवीचं हे खोडही त्यातून सुटत नाही. वहिनी मग वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवायची. टेबल चमकायचं, पाहुणे म्हणायचे, "काय राखलंय हो दादांनी!" आम्हीही तेच म्हणायचो.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूने केलेली नाही, मूर्च्छेने केली आहे. इतकी वर्षं पाठशाळेत हे मुलांना मी शिकवलं. त्या दुपारी कळलं की माझी मूर्च्छा अकोल्यात होती आणि तिची धूळ दुसरीच कुणी काढत होती. ज्या वस्तूची सेवा मी कधी केली नाही, तिच्यावर हक्क मात्र पहिला माझा.

मी टेप पर्समध्ये ठेवली आणि वहिनीची त्या दिवशी दुसऱ्यांदा क्षमा मागितली. सकाळची रीत होती, ही खरी होती. ती म्हणाली, "अवो, चला, चहा घेऊ."

टेबल विकलं. परवाना बघून, पक्की पावती घेऊन. दादाने आणि मी ठरवून सगळी रक्कम वहिनीच्या खात्यात घातली. तिने त्याचं काय केलं, हे विचारायचं नाही असं मी ठरवलंय. तो हिशेब माझ्या वहीत येत नाही.

परतताना मूर्तिजापूरहून कारंजा लाडला वळलो. तिथल्या काष्ठासंघ मंदिराचं लाकडी कोरीवकाम लहानपणी आईचं बोट धरून पाहिलं होतं. तेव्हा वाटायचं, कोणी कोरलं असेल हे? या वेळी दर्शन घेतलं, वर पाहिलं, आणि आधी मनात आलं, हे रोज पुसतं कोण?

व्रत सुटलं नाही, पण मन सुटलं असं नाही म्हणणार मी. अजूनही हॉलमध्ये केर काढताना नजर त्या कोपऱ्यात जाते, जिथे ते छान बसलं असतं. मग काचेचं टेबल पुसते. दोन मिनिटं लागतात.

जय जिनेंद्र!