पंपावरचा आळ

ज्याने आयुष्याची अठ्ठावीस वर्षे तर्कशास्त्र शिकविण्यात घालविली, त्याने कार्यकारणाचा शोध कधीतरी प्रत्यक्ष घेतलाच असेल, अशी वाचकांची समजूत असल्यास ती त्यांनी खुशाल सोडून द्यावी. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ सालच्या आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्या आम्ही दरसाल फळ्यावर मांडतो. अन्वय आणि व्यतिरेक यांचा भेद आम्हांस झोपेतही सांगता येईल. परंतु घरातला दिवा विझला तर आधी दिवा पाहावा की बटण, एवढेही आमच्याने ठरत नाही. व्यतिरेकाची रीत खऱ्या कामाला जुंपलेली आम्ही प्रथम पाहिली ती गेल्या माघात, कराडजवळच्या एका गावी, एका जुन्या डिझेल ट्रकच्या उघड्या बॉनेटखाली. आणि ती जुंपणारा गृहस्थ म्हणजे आमच्याच विषयात दोनदा नापास झालेला आमचा भाचा होता!

हा ट्रक आमच्या मेहुण्यांचा. ते तीन वर्षांपूर्वी वारले. मागे राहिली आमची बहीण, हा मुलगा आणि हा सहा सिलिंडरांचा वृद्ध ट्रक. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या खेपा कराव्या आणि त्यावर वर्षाचा संसार ओढावा, असा त्यांचा क्रम होता. ऐन हंगामात ट्रकने मान टाकली. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी थकावी, पण इंजिन जागे होऊ नये. कसेबसे झालेच, तर भरल्या गाडीने चढावर दम सोडावा. तालुक्याच्या गावातील एका मिस्त्रीने गाडी पाहिली आणि निकाल दिला, "पंप गेला." दुरुस्तीचा आकडा चाळीस हजारांचा होता. बहिणीचा फोन आला, "दादा, पैसे उसने देशील का? की गाडी भंगारात घालू?" आम्ही शहाणपणाने दुसऱ्या पर्यायाकडे झुकलो आणि तो समजावून सांगण्यासाठी रविवारची गाडी पकडून गावी गेलो.

ज्या पंपावर हा आळ आला, त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, आणि नेमक्या क्षणी तीत तेलाचा सूक्ष्म फवारा सोडला की तेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलचे १८९७ साली यशस्वी ठरलेले इंजिन हा फवारा दाबलेल्या हवेच्या झोताने उडवी. त्यासाठी निराळे अवजड यंत्र लागे, म्हणून ते इंजिन कारखान्यांत आणि जहाजांवर शोभले, रस्त्यावर नाही. १९२७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने सुटसुटीत इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला आणि डिझेल ट्रकची वाट मोकळी झाली. या पंपात दर सिलिंडरामागे एक बारीक दट्ट्या आणि त्याची नळी असते. गॅरेजात या जोडीला 'एलिमेंट' म्हणतात. दट्ट्या आणि नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा हिस्साही नव्हे. दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी खाच कोरलेली असते. दट्ट्या थोडा फिरविला की तेलाचे माप कमी-अधिक होते. एवढे नाजूक आणि एवढे महाग यंत्र गाडीत दुसरे नाही, म्हणून गाडीत काहीही बिघडले की पहिला संशय त्याच्यावर येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची रीत काही माणसांपुरतीच नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा भाचा गाडीशी काहीच करीत नव्हता. पायरीवर बसून तो नुसता विचार करीत होता. आम्ही भंगाराचा विषय काढताच तो म्हणाला, "मामा, पंप गेला असेल तर त्याने चार ठिकाणी साक्ष द्यायला हवी. तेवढी तपासून घेतो, मग तुम्ही म्हणाल तसं." 'साक्ष' हा शब्द ऐकून आम्ही थोडे चपापलो आणि ओट्यावर बसून पाहू लागलो.

पहिली साक्ष उष्णतेची. एलिमेंट झिजले असेल तर गाडी तापल्यावर अधिक छळते, कारण गरम डिझेल पातळ होऊन त्या झिजलेल्या फटीतून निसटते. अशा वेळी पंपावर गार ओले फडके ठेवले आणि गाडी चालू झाली, तर जुने ड्रायव्हर पंपाला दोषी समजतात. हिची तऱ्हा उलट होती. तापलेली असताना ती एका हाकेत उठे. रात्रभर उभी राहिली की मात्र रुसे. दुसरी साक्ष धुराची. सेल्फ मारताना पांढरा धूर निघाला तर तेल पोहोचते पण पेटत नाही असे समजावे. येथे मुळी धूरच नव्हता, म्हणजे तेलच पोहोचत नव्हते. तिसरी साक्ष वंगणाची. त्याने इंजिनाच्या तेलाची पट्टी ओढून वास घेतला. त्यात डिझेल उतरले नव्हते. चौथीसाठी त्याने हातपंपाने तेल चढवून, हवा काढून, इंजिन सुरू केले आणि नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट, चेहरा आणि हात जपून, एकामागून एक सैल केले. नट सैल केला की तो सिलिंडर थांबतो आणि इंजिनाचा सूर पडतो. ज्याच्या सैल होण्याने सूर पडत नाही, तो आधीच मेलेला समजावा. येथे सहाही वेळा सूर सारखाच पडला. सहाही एलिमेंटे निर्दोष नसली, तरी एकाही एलिमेंटाचे नाव घेण्यास आधार नव्हता.

"मग दोष पंपाच्या पाठीमागे," तो म्हणाला. त्याने टाकीची नळी सोडविली, उंचावर डिझेलचा एक स्वच्छ डबा टांगला आणि पारदर्शक नळीने तो गाडीला जोडून रात्री तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे, थंडीत कुडकुडत, आम्ही सारे अंगणात उभे होतो. बहीण तुळशीपाशी हात जोडून होती. पहिल्याच सेल्फला इंजिन धडधडले. एक कारण बाजूला काढले, बाकी सारे जसेच्या तसे ठेवले आणि कार्य नाहीसे झाले. ज्यासाठी आम्ही फळ्यावर अर्धा तास खडू झिजवितो, ते त्या डब्याने एका क्षणात सिद्ध केले.

टाकी पुन्हा जोडल्यावर त्याच पारदर्शक नळीतून बुडबुड्यांची माळ जाताना दिसली. शोधता शोधता एका सांध्याच्या बोल्टाखाली चिरलेला तांब्याचा वायसर निघाला. आम्ही विचारले, "अरे, पण येथून तर एक थेंबही गळताना दिसला नाही!" तो हसला. "गळणार कसा, मामा? ही बाजू ओढणारी आहे. इथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभर हवा शिरते, तेल टाकीत मागे उतरतं आणि सकाळी पंपाच्या तोंडी काही नसतं. चढावर तेल जास्त लागतं, तेव्हाही तेच." वायसरची किंमत आम्ही विचारली नाही, दुकानदाराने मूठभर दिले आणि चहाइतके पैसे घेतले.

आम्ही त्या मिस्त्रीवर ताशेरे झाडू लागलो, तेव्हा भाच्याने आम्हांस थांबविले. "त्याला बोल लावू नका. त्याच्याकडे दिवसभर पंपच येतात. त्याला पंपच दिसणार. आणि आपला पंपही काही नवा नाही. दोन हंगामांनी तो बाकावर चढवून तपासून घ्यावाच लागेल. पण आजचा दोष त्याचा नाही."

हे वाक्य तो सहज बोलला. आम्हांस मात्र ते परतीच्या सबंध प्रवासात पुरले. कारण पाच वर्षांपूर्वी याच मुलाविषयी आम्हीही एक निकाल दिला होता. दोन वेळा नापास झालेली त्याची गुणपत्रिका पाहून आम्ही बहिणीला म्हणालो होतो, "याला डोके नाही. उगाच फी भरू नकोस." आमच्याकडेही दिवसभर डोकीच येतात. त्या दोन वर्षांत त्याचे वडील रुग्णालयात होते आणि रात्रीची पाळी हा करीत होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. सकाळच्या तासाला तो पेंगतो, हेही आम्ही पाहिले होते. पण त्याने कधी तक्रार केली नाही, डोळ्यांतून पाणी काढले नाही. बाहेर काही गळत नव्हते, म्हणून आम्ही सांधा तपासला नाही. सरळ पंपावर बोट ठेवले. साक्ष एकही घेतली नाही.

निघताना हे त्याला सांगावे असे फार मनात होते. आम्ही एवढेच म्हणालो, "परीक्षेला बाहेरून बसता येते. फॉर्म आम्ही भरू." त्याने हात पुसले, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "हंगाम संपू दे, मामा. मग बघू." त्या 'बघू'मध्ये होकार किती आणि आमची भीड किती, हे आम्हांस उमगले नाही. ते उमगण्यासही बहुधा रात्रभर थांबून सकाळ पाहावी लागेल.

आता टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले आहेत. कोऱ्या पानाला शून्यच द्यावे लागते. त्यात आमचा इलाज नाही. परंतु शून्य लिहिल्यानंतर त्याखाली मनातल्या मनात 'डोके नाही' असा शेरा ओढण्याची आमची जुनी सवय यंदा काही हाताला वळत नाही.