भरली गाडी, रिकामी गाडी

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की वर्गातल्या निम्म्या बसकरपट्ट्या रिकाम्या होतात. आईवडील ऊसतोडीला निघतात, लेकरंही सोबत जातात. पाडव्याच्या सुमारास परत येतात, तोवर पुस्तकाची बरीच पानं पुढे सरकलेली असतात.

चौथीतली एक मुलगी अशीच परत आली. मागे गप्प बसायची. भागाकार चुकला की वही झाकायची. एके दिवशी मी फळ्यावर तारे काढत होतो. ती एकदम म्हणाली, "गुरुजी, कोपीबाहेर निजलं की लई तारे दिसत्यात. त्यांच्या मधी काय असतंय?"

"काही नाही, नुसती पोकळी," मी सांगून टाकलं. रात्री पुस्तकं चाळली आणि ओशाळलो. माझं उत्तर चुकलं होतं!

दुसऱ्या दिवशी वर्गात तसं कबूल केलं. आपल्या आकाशगंगेभोवती तप्त वायूचं प्रचंड आवरण आहे. तापमान सुमारे २० लाख अंश! "मग आपण भाजत कसं नाही?" एकाने विचारलं. फुलबाजीची ठिणगी हातावर पडली तरी फारसं पोळत नाही, कारण ती एवढीशी असते. हा वायू तर इतका विरळ, की लिटरभराच्या बाटलीत जेमतेम एखादा कण सापडायचा.

हा वायू डोळ्यांना न दिसणारे क्ष-किरण सोडतो. आपली हवा ते अडवते, म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेली क्ष-किरण दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहातून अवकाशात गेली. २०१८ मध्ये अमेरिकेने दप्तराएवढा 'हॅलोसॅट' सोडला, तो तर खास हा वायू मोजायलाच.

पण मोजणं सोपं नाही बरं का! सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळेही वाटेत असेच क्ष-किरण निर्माण होतात. सूर्याच्या आसपासच्या तप्त वायूचेही त्यात मिसळतात. मग दूरच्या वायूचे किती, हे कसं कळणार?

वर्ग गप्प. मागून आवाज आला, "गुरुजी, कारखान्याच्या काट्यावर करत्यात तसं! आधी भरली गाडी तोलायची, मंग रिकामी. वजा केलं की ऊस."

अगदी बरोबर! शास्त्रज्ञही जवळचे किरण किती ते ठरवतात आणि एकूणातून वजा करतात. उरतात ते दूरचे. त्यावरून वायू किती, याचा अंदाज बांधतात. आकाशगंगेत जेवढं द्रव्य असायला हवं, तेवढं तारे मोजून भरत नाही. उरलेलं या वायूत आहे का, याचाच हा शोध.

ती वजाबाकी मी तिलाच फळ्यावर मांडायला लावली. भागाकार तिचा अजून चुकतो. पण आता ती वही झाकत नाही, उठून विचारायला येते.