आमच्या पैशांवाचून अडतंय का?

प्रिय सुमे,

तुझ्या मसाल्याचा पुडा पोचला. उत्तराला उशीर झाला, कारण सोमवारी इथल्या नगर परिषदेच्या सुनावणीला गेले होते आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. एका कंपनीला आमच्या गावाबाहेर मोठं गोदाम बांधायचंय आणि त्यासाठी तिला शहराकडून पैसे हवेत. तुला वाटेल, मिनेसोटात जाऊन हिला पालिकेच्या कारभाराचं कसलं वेड लागलं! पण आपल्या एमआयडीसीतला तो कारखाना आठवतो ना? विक्रीकराची सवलत होती तोवर भोंगा वाजला, सवलत संपली आणि वर्षभरात फाटकाला कुलूप. आमच्या अण्णांचे तिथले थकलेले पगार शेवटपर्यंत मिळाले नाहीत. तेव्हा सवलत मिळायची ती मुख्यतः तालुका किती मागास यावरून. ए, बी, सी, डी अशा गटांत तालुके वाटलेले असायचे. मुंबई-पुण्याबाहेर कारखाने यावेत हा हेतू चांगलाच होता. पण कारखाना आल्यावर तो टिकेल का, ते आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

इथं १९९५ पासून राज्याचा कायदाच आहे, १९९९ मध्ये तो आणखी कडक झाला. शहराला खासगी धंद्याला पैसे द्यायचे असतील, तर आधी सुनावणी घेऊन निकष ठरवायचे आणि लिहून ठेवायचे. कोण मागायला येणार हे माहीत नसताना ते लिहिलेले असावेत, हे मला फार मोलाचं वाटतं. समोर माणूस बसला की मोजपट्टी त्याच्या मापाची होते गं. निकषांत तासाला किमान मजुरी किती, हे आकड्यात किंवा सूत्रात लिहावं लागतं. 'गावाचा कर वाढेल' एवढं एकच कारण चालत नाही. मदत दीड लाख डॉलरच्या वर गेली की त्या प्रकरणाची वेगळी सुनावणी आणि दहा दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस. करारात नोकऱ्यांचा आकडा, तो गाठायला दोन वर्षं, धंदा त्याच हद्दीत निदान पाच वर्षं. नाही जमलं तर पैसे व्याजासकट परत.

आणि तरी एक फट आहेच. सुनावणीनंतर परिषदेनं ठरवलं की इथं रोजगार हा उद्देशच नाही, तर नोकऱ्यांचं उद्दिष्ट शून्यही ठेवता येतं. सोमवारचा वाद त्यावरच पेटला. गोदामात यंत्रंच जास्त, माणसं थोडी.

पैसे द्यायची रीतही समजून घे. समज, मोकळ्या जागेवर आज वर्षाला दहा हजार डॉलर कर येतो आणि इमारत झाल्यावर लाख येईल. मधले नव्वद हजार काही वर्षं शाळेला, रस्त्याला न देता त्याच प्रकल्पासाठी वळवायचे. यासाठी परिषदेला लेखी म्हणावं लागतं की, या मदतीवाचून हे बांधकाम नजीकच्या काळात झालंच नसतं. सगळं त्या वाक्यावर उभं आहे, आणि तेच तपासायला सगळ्यात अवघड. टिमोथी बार्टिक नावाच्या अर्थतज्ज्ञानं २०१८ मध्ये तीसेक अभ्यास तपासून अंदाज काढला: सवलत घेणाऱ्या शंभर कंपन्यांपैकी २ ते २५ जणींचाच निर्णय त्या सवलतीमुळे बदलतो. बाकीच्या तशाही आल्याच असत्या!

शेजारच्या विस्कॉन्सिनचं तर तू वाचलं असशील. २०१७ मध्ये फॉक्सकॉन कंपनीनं १३,००० नोकऱ्यांचा शब्द दिला, राज्यानं सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. २०२१ मध्ये करार बदलून १,४५४ नोकऱ्या आणि आठ कोटी डॉलरवर आला. राज्याची सवलत भरतीशी बांधलेली होती, म्हणून तिजोरी बरीचशी वाचली. माउंट प्लेझंट या गावानं मात्र जमिनी, रस्ते, पाण्याच्या लाइनी यांवर आधीच पैसा ओतला होता, आणि लोकांची घरं गेली ती गेलीच.

मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. हात थरथरत होते. मी एवढंच विचारलं, "आम्ही एक डॉलरही दिला नाही, तर तुम्ही बांधणार नाही का? तसं असेल तर तुमचा जमाखर्च दाखवा." कंपनीच्या माणसानं बाजारपेठ, महामार्ग, गावाची प्रतिष्ठा असं बरंच काही सांगितलं. जमाखर्चाबद्दल चकार शब्द काढला नाही. मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "या बाईंना उत्तर मिळालेलं नाही." मग परिषदेनं कंपनीकडे हिशेब मागितला, निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.

तेव्हा मी पुन्हा जाणार. तुझ्या बाबांच्या कात्रणांच्या वहीत आपल्या कारखान्याच्या उद्घाटनाची बातमी होती बघ, किती जणांना काम मिळणार तो आकडा मथळ्यातच होता. सापडली तर फोटो काढून पाठव. त्या आकड्याशेजारी, बंद पडला तेव्हा किती जण कामावर होते, तेही कुणाला तरी विचारून लिही.

तुझी,
विजू